उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ वर्षांच्या आणि २ वर्षांच्या मुलांना घरच्या सामानातून रंगकाम काय द्यावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा की मुलगा ४ वर्षांचा, मुलगी २ ची, फ्लॅट दुसऱ्या माळ्यावर, दुपारी १२ ते ५ बाहेर पाय ठेवता येत नाही, व्हिडिओ पाहून क्राफ्ट करायला बसलं की मुलगा पाच मिनिटांत उठून जातो आणि उरलेलं तुम्हीच करत बसता, लहानी सगळं तोंडात घालते, सासूबाईंना फरशीवर डाग नकोत, आणि विकतचे रंग आठवडाभरात संपून राहिले. शिवाय ड्रॉइंगचा क्लास लावू का हे पण विचारलंय. मी इथे नागपुरातच बालवाडी चालवते, अडीच ते सहा वर्षांची मुलं असतात, त्यामुळे हा प्रश्न दर एप्रिलमधे कोणी ना कोणी आई विचारतेच.

पहिले तर मुलगा उठून जातो त्याचं टेन्शन घेऊ नका. ते व्हिडिओतले क्राफ्ट मुलांसाठी नसतातच हो, ते आयांसाठी असतात. कागद मोजून कापा, घडी घाला, डोळे चिकटवा, वाळू द्या, मग रंगवा, यात मुलाच्या वाट्याला येतं काय तर वाट पाहणं. चार वर्षांच्या मुलाला शेवटी बदक झालं की फुलपाखरू याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याला मजा येते ती रंग कागदाला लागला आणि पुढे त्याचं काय झालं हे पाहण्यात. म्हणून मी एकच गोष्ट पाहते, की यात रंग स्वतःहून काही करतो का? पसरतो, वितळतो, गायब होतो, बदलतो, कुठे लागायला नकार देतो, असं काही असेल तर मूल बसतं, नाही तर नाही बसत. आणि गंमत म्हणजे असं वागणारं सामान दुकानातल्या रंगाच्या डब्यात कमी आणि किचनमधे जास्त असतं.

सगळ्यात सोपं आणि फुकट म्हणजे नुसतं पाणी. संध्याकाळी ऊन उतरलं की गच्चीवर किंवा बाल्कनीत एक मग पाणी आणि घर रंगवायचा जुना रुंद ब्रश द्या, ब्रश नसेल तर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, देठांची जुडी दोऱ्याने बांधून द्या. तापलेल्या फरशीवर तो एका टोकाला रेघ ओढून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिली रेघ उडालेली असते, आणि ही उडून जायची भानगड मुलांना इतकी आवडते की ती रेघेशी शर्यत लावतात. पुण्या-मुंबईकडे हे एवढं भारी जमणार नाही, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो त्याचा एवढा एक फायदा. फक्त फरशीवर आधी स्वतः पाय ठेवून पाहा, सहा वाजता पण चटका बसतो. यात दोन वर्षांची लहानी पण चालते, पाणीच आहे, प्यायली तर प्यायली. तेवढं मात्र भरलेली बालदी ठेवून तिला एकटं सोडू नका.

दुसरं, बर्फाचे रंग. आइस ट्रेमधे पाणी भरून एका खान्यात बीटचा रस, एकात हळदीचं पाणी, एकात पालक वाटून गाळलेलं, एकात कॉफी असं घाला, अर्धवट जमलं की प्रत्येकात आइस्क्रीमची काडी उभी करा. दुसऱ्या दिवशी दुपारी जाड कागदावर फिरवायला द्या. कूलरसमोर बसून सुद्धा तो बर्फ भराभर वितळतो, आधी फिक्की रेघ येते, मग गडद, मग थारोळंच होतं, आणि पिवळं न् गुलाबी जिथे भेटतं तिथे नारंगी तयार झालेलं दिसतं. तोंडात गेलं तरी काही होत नाही, सगळं खायचंच आहे. काडी मात्र दोन वर्षांच्या मुलीला देऊ नका, तिला बिनकाडीचा मोठा तुकडा ताटात घालून द्या, म्हणजे वाटीत जमवलेला मोठा गोळा, ट्रेमधला लहान क्यूब नाही, तो घशात अडकू शकतो. बीटचा गुलाबी रंग उजेडात दोन-चार दिवसांत विटून मातकट होतो, तेव्हा असं चित्र फ्रेम करायच्या भानगडीत पडू नका, फोटो काढा आणि सोडा.

आता हळद. माझ्याकडचा हा सगळ्यात चालणारा प्रकार आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवा, स्पंजने साध्या कागदावर फासा, पंख्याखाली वाळू द्या, आपल्याकडे दहा मिनिटांत वाळतो. मग एका वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून घ्या आणि कानातले कापसाचे बड्स द्या. पिवळ्या कागदावर सोड्याचं पाणी लागलं की तांबूस-नारंगी रेघ उमटते. अंगाच्या साबणाचं पाणी वापरलं तर अजून लाल येते. आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळं! हळदीत करक्युमिन असतं, ते अल्कलीत लाल होतं आणि आंबटात परत पिवळं, कुंकू हळदीपासून करतात त्यातही हीच गंमत आहे. मोठ्या मुलांना कारण सांगा, चार वर्षांच्याला सांगू नका, त्याला जादू राहू द्या, तो स्वतःच लिंबू, दही, चहा, ताक, टूथपेस्ट सगळं लावून पाहायला मागेल आणि ते लावू द्याच. कुंकवाचा विषय निघाला म्हणून, कोणी कोणी आजी म्हणतात हळदीत खायचा चुना घाल, छान लाल होते. होते, पण चुना मुलांच्या आसपास सुद्धा नको. डोळ्यात उडाला तर डोळा भाजतो, आणि ती छोटी पुडी दाबली की फुटून नेमकी चेहऱ्यावर उडते. सोडा-साबणाने काम होतं तर चुन्याचा हट्ट कशाला. साबणाचं पाणी पण डोळ्यात झोंबतं, पण ते धुतलं की संपलं.

हळदीचे डाग, हो, मला माहीत होतं तुम्ही विचारणारच. हळदीचा डाग साबणाने धुतला की लालभडक होतो आणि मग घरात आरडाओरडा होतो, तर ते वरचंच कारण आहे, घाबरायचं नाही, भरपूर पाण्याने साबण काढून टाका आणि कपडा सरळ उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि ऊन तर आपल्याकडे काय, कोणाला हवं असेल तर पार्सल करून देऊ. एक-दोन दुपारी कडक उन्हात राहिला की डाग बराचसा उतरतो. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

जास्वंद असेल कुणाच्या अंगणात तर लाल जास्वंदाची पाकळी कागदावर नुसती घासायला द्या, रंग जांभळट येतो, लाल नाही, यानेच मुलं आधी चक्रावतात. त्यावर लिंबू लावलं की गुलाबी, सोडा लावला की हिरवट-निळं. पळसाची फुलं फेब्रुवारी-मार्चमधे आपल्या सगळ्या रस्त्यांना मिळतात, पुढच्या वर्षी आठवणीने गोळा करून सावलीत वाळवून ठेवा, उकळलं की सुंदर केशरी-पिवळं पाणी निघतं, होळीला पण तेच. आता मे मधे मिळणार नाहीत.

बोटाने रंगवायचा रंग घरीच करा, विकतचा फिंगरपेंट महाग पडतो. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, दोन वाट्या पाणी, तीन चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, गंजात म्हणजे पातेल्यात घालून मंद आचेवर ढवळत राहा, खिरीसारखं घट्ट आणि पारदर्शक झालं की उतरवा, थंड झालं की वाट्यांमधे वाटून रंग घाला. कॉर्नफ्लॉवर नसेल तर मैद्याची खळ चालते, आपण पतंगाला करतो तीच. खायचा रंग घालणार असाल तर अगदी टोकभर, नाही तर बोटं दोन दिवस हिरवी राहतात आणि सगळे विचारतात काय झालं. या दिवसात बाहेर ठेवलं तर एका रात्रीत आंबतं, फ्रिजमधे चार दिवस जातं. कागदच पाहिजे असं नाही, स्टीलच्या मोठ्या परातीत चमचाभर फासून द्या, मूल बोटाने रेघा काढेल, पुसेल, परत काढेल, मन भरलं की परातीवर कागद दाबून उचला, चित्र कागदावर येतं. लहानीसाठी त्याहून सोपं म्हणजे घट्ट दही, एका वाटीत बीट, एकात चिमूटभर हळद. ती अर्धं खाईल, अर्धं परातीला लावेल. तिच्या वयाला हेच रंगकाम आहे, तिच्याकडून फूल-बिल काढून घ्यायचा प्रयत्न करू नका.

मग ठसे. आलूचे ठसे सगळ्यांना माहीत आहेत आणि आलूच सगळ्यात बोर आहे, कारण त्यात तुम्हाला कोरत बसावं लागतं. भेंडी आडवी कापा, आयती चांदणी मिळते. कांदा आडवा कापा, गोलात गोल येतात. सिमला मिरची, कारलं, दोडका, प्रत्येकाचं पोट वेगळं. पत्ताकोबीचा खालचा दांडा फेकू नका, त्याचाही ठसा घेऊन पाहा. सध्या मोसंबी आणि हिवाळ्यात संत्रं आडवं कापून घ्या, चाकासारखी फाकांची नक्षी येते, पण रस असतो म्हणून कापलेली बाजू कपड्याने टिपून तासभर उघडी ठेवा, नाही तर नुसता गिचका होतो. हे सगळ्या भाज्यांना लागू आहे, कापली की आधी टिपा. आणि वाटीत रंग ओतून त्यात भाजी बुडवू देऊ नका, हीच चूक सगळे करतात. भांडी घासायचा नवा स्पंज ताटलीत ठेवून त्यावर पातळ रंग मुरवा, म्हणजे शाईचा पॅड तयार झाला, त्यावर भाजी टेकवायची आणि कागदावर टेकवायची. रंग निम्म्याहून कमी लागतो, तुमचे आठवड्यात संपून राहिलेले रंग महिना जातील. ठशांना बीटचा रस चालत नाही, फार पातळ असतो, पोस्टर कलरमधे थोडी मैद्याची खळ मिसळून घ्या. पानांचे ठसे पण असेच, फक्त रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, शिरा तिकडे उठावदार असतात. पेरू, पिंपळ, पळस मस्त येतात. कडुनिंबाचं पान बारीक, त्याचा ठसा धड येत नाही, ते कागदावर ठेवून त्यावर जुन्या टूथब्रशने रंग उडवा आणि पान उचला, पांढरं पान उरतं. हे बाथरूममधेच करायचं, हॉलमधे नाही, सांगून ठेवते.

मेणबत्तीचं चित्र मुलाला एकदा दाखवाच. पांढऱ्या मेणबत्तीने जाड पांढऱ्या कागदावर दाबून काहीतरी काढा, दिसत नाही, मग त्याला पातळ रंगाचं पाणी स्पंजने फिरवायला द्या. मेण पाणी धरत नाही म्हणून रेघ पांढरी उमटून येते. त्याचं नाव लिहून ठेवा, आणि लगेच पुढची पाळी त्याची, त्याने लपवायचं आणि तुम्ही शोधायचं. मिठाचं पण असंच, फेविकॉलने कागदावर जाड रेघ काढा, ओली आहे तोवर वरून मीठ भुरभुरा, जास्तीचं झटका, आणि बड्सने रंगीत पाण्याचा थेंब टेकवा, थेंब मिठातून रेघेच्या बाजूने सरकत जातो. वीसेक मिनिटं बसतात मुलं याला. पण फेविकॉल न् मीठ, म्हणजे लहानी झोपली असेल तेव्हाच.

साडीच्या डब्याचं झाकण घरात असतंच. त्यात कागद बसवा, रंगाचे दोन-तीन ठिपके टाका, चार कंचे म्हणजे गोट्या सोडा आणि झाकण हलवायला द्या. लहानी जागी असेल तर कंचे नकोत, गिळले जातात, त्याऐवजी लिंबू घ्या, लिंबू वाकडं पळतं आणि खरं सांगू का, चित्र त्याचंच जास्त छान येतं. दोघं दोन बाजूंनी झाकण धरून हलवू शकतात, भाऊ-बहिणीचं एकत्र करायचं काम फार कमी मिळतं ते हे आहे.

मेणाच्या खडूचे तुकडे साचले असतील तर फेकू नका. कागद सोलून, स्टीलच्या छोट्या वाटीला आतून तेलाचं बोट फिरवून, तुकडे भरून वाटी उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर जुन्या ताटलीत ठेवा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, असेल तर दुपार संपायच्या आत वितळतात, संध्याकाळी तुम्ही स्वतः काढा, वाटी पोळते, आणि गार झाल्यावर थोडा वेळ फ्रिजमधे ठेवली की जाडजूड रंगीबेरंगी खडू सुटून येतो. असा जाड खडू चार वर्षांच्या मुठीत पेन्सिलीपेक्षा बरा बसतो. ब्रशचं पण तेच सांगेन, लांब दांडीचा बारीक ब्रश या वयाला देऊच नका, त्यांचा हात खांद्यापासून हलतो, बोटापासून नाही. कपड्याच्या चिमट्यात स्पंजचा तुकडा अडकवून द्या. चिमटा धरायला ज्या बोटांना जोर लागतो तीच बोटं पुढे पेन्सिल धरतात, तेव्हा अक्षर गिरवायची घाई करण्यापेक्षा हे केलेलं बरं.

रंग किती द्यायचे, तर एका वेळी दोन. पिवळा-लाल किंवा पिवळा-निळा. तिन्ही एकत्र दिले की पाच मिनिटांत सगळा कागद शेणाच्या रंगाचा होतो, मग मूल पण नाराज आणि तुम्ही पण. होळीचा उरलेला गुलाल, शेंदूर, काजळ, सुरमा यातलं काही रंग म्हणून वापरू नका, शेंदरात आणि सुरम्यात शिसं असू शकतं. रांगोळीची पूड सुकी उधळायला देऊ नका, नाकात जाते, कूलर चालू असेल तर विचारूच नका. ॲक्रिलिक रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, वाळला की कपड्यातून निघत नाही. कागद विकत आणायची तर गरजच नाही, लग्नसराई चालू आहे, पत्रिकांची मागची बाजू जाड आणि पांढरी असते. कॅलेंडरचं मागचं पान गुळगुळीत म्हणून पातळ रंग त्यावर थेंबाथेंबाने घरंगळतो, ते ठशांना ठेवा.

पसाऱ्याचं म्हणाल तर खाली पेपर अंथरू नका, कूलरच्या हवेने उडतो आणि रंगाची वाटी घेऊन जातो. मोठी पन्नी म्हणजे प्लॅस्टिकचा कागद किंवा जुनी ओली चादर अंथरा. बाबांचा जुना टी-शर्ट उलटा घालून द्या. ओलं फडकं आणि अर्धी बालदी पाणी आधी भरून ठेवा, मग वाट्या बाहेर काढा, या क्रमातच. रंगाने माखलेल्या मुलाला धरून नळाकडे पळण्यापेक्षा हे सोपं पडतं. आवरताना फडकं त्याच्या हातात द्या, तो पुसण्याच्या नावावर अजून फासेल, तरी द्या.

तो रंगवून राहिला असेल तेव्हा तुम्ही काय करायचं? हात पाठीमागे. खरंच. "सूर्य असा नसतो बाळा" म्हणून ब्रश घेतला की पुढच्या वेळी तोच म्हणेल आई तू काढून दे. "हे काय काढलं?" हा पण प्रश्न नको, बहुतेक वेळा त्याने काहीच काढलेलं नसतं, मग तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो काहीतरी नाव ठोकून देतो. त्यापेक्षा "इथे किती जोरात फिरवलं रे" असं जे दिसतं ते बोला. आणि छान झालेल्या चित्रावर शेवटी काळा फासून टाकला तर टाकू द्या, सगळीच मुलं करतात, आपल्याला तेवढं चर्रर्र होतं. त्याने स्वतःहून काही गोष्ट सांगितली तर ती त्याच्याच शब्दात कागदामागे लिहून तारीख टाका.

पावसाळ्यात तान्हा पोळा, मुलांचा लाकडी बैलांचा सण, येईलच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा महाल-इतवारीकडे लाकडी बैल मिळतात, एक साधा बिनरंगाचा घेऊन या आणि या वर्षी सजवायचं काम पूर्ण त्याच्याकडे द्या. आधी गेरू पाण्यात कालवून त्यात थोडं फेविकॉल घालून एक हात, वाळला की बड्सने पांढरे ठिपके, भेंडीची चांदणी पाठीवर. विकत आणलेल्या मण्या-आरशांच्या बैलांच्या रांगेत तुमचा बैल जरा गबाळा दिसेल, आणि शेजारचे विचारतील हा कोणी रंगवला, तेव्हा उत्तर द्यायला तो पुढे असेल. त्याच दिवशी मारबत म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक निघते, तीही दाखवा लांबून, एवढे मोठे कागदाचे रंगवलेले पुतळे मुलांना दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार.

राहिला क्लास. ६ च्या आत मला गरज वाटत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा पुढे मोठ्या वर्गांतल्या गोष्टी, त्यासाठी आतापासून आंबा आणि झोपडी घोटवून काही होत नाही. तरी घरातल्या कटकटीतून दोन तास सुटका म्हणून लावायचा असेल तर बिनधास्त लावा, त्यात लाज काय. फक्त फी भरायच्या आधी एकदा जाऊन भिंतीवर लावलेली मुलांची चित्रं पाहून या. सगळ्यांचे डोंगर तीनच असतील, मधून सूर्य आणि उजवीकडे नारळाचं झाड असेल, तर नमस्कार करून परत या. नागपुरात नारळाची झाडं आहेतच किती!